अंडे वीस रुपयांना? पिंजराबंदीच्या फॉरवर्डचा हिशेब

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा सारांश असा: 'कोंबड्या पिंजऱ्यात ठेवायला बंदी आली की अंडे वीस रुपयांना जाईल, चिकनही महागेल. पिंजऱ्यात कोंबडी सुरक्षित असते, मोकळी ठेवली की एकमेकींना टोचून मारतात. पिंजऱ्यातले अंडे स्वच्छ. युरोपने ही बंदी करून पाहिली आणि गुंडाळली. आपल्याकडे असा कायदाच नाही, हे परदेशी खूळ.' यातली एक गोष्ट बऱ्यापैकी खरी आहे. बाकीच्यांत कुठे घोळ आहे, कुठे अर्धसत्य.

आधी चिकन, कारण ते चटकन निकालात निघते. खाण्यासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी आपल्याकडे सहसा पिंजऱ्यात नसतेच. शहापूर-मुरबाडच्या शेडमध्ये ती जमिनीवर, भाताच्या तुसावर वाढते आणि साधारण सहा आठवड्यांत गाडीत चढते. तिथेही दाटीवाटी आहे, पण तो वेगळा प्रश्न. पिंजरा आहे तो अंड्याच्या कोंबडीला, म्हणजे लेयरला. पिंजराबंदीने लेग-पीस महाग होण्याचे कारण नाही.

आता पिंजरा म्हणजे नेमके काय, ते पाहू. 18 इंच बाय 15 इंचांच्या खणात चार कोंबड्या धरा. एकीच्या वाट्याला सुमारे 435 चौरस सेंटिमीटर येतात. झेरॉक्सचा ए-फोर कागद 624 चौरस सेंटिमीटरचा असतो. म्हणजे कागदाच्या पाऊण भागापेक्षाही कमी जागेत ती वर्षभराहून जास्त काळ उभी. पंख पसरता येत नाहीत, बसायला दांडी नाही, अंडे घालायला आडोसा नाही, मातीत लोळणे नाही. हालचाल नसल्याने हाडे ठिसूळ होतात आणि शेवटी पिंजऱ्यातून ओढून काढताना मोडतात. आजीच्या खुराड्याशी याची तुलना करणाऱ्यांनी एवढे आठवावे की खुराड्यात कोंबडी फक्त रात्री असायची.

'आपल्याकडे कायदाच नाही' हे साफ चूक. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 सालचा आहे. त्याच्या कलम 11(1)(ई) नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या कमी उंची, लांबी, रुंदीच्या पिंजऱ्यात कोंडणे हा गुन्हा आहे. पुढचेच उपकलम फार आखूड किंवा जड साखळीने जनावर अवाजवी वेळ बांधून ठेवण्याबद्दल आहे. तबेलेवाल्यांनीही ते वाचावे. लंगडेपणा शिक्षेत आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. अर्धा डझन अंड्यांचे पैसे! लेयर आणि ब्रॉयलर कसे ठेवावेत यावर विधी आयोगाने 2017 साली 269 क्रमांकाचा अहवाल दिला, तो पिंजऱ्याच्या याच दुखण्यावर. खूळ परदेशी म्हणायचे तर 1960 सालची आपली संसदही परदेशी ठरेल.

युरोपची गोष्ट जरा नीट सांगायला हवी, कारण इथे फॉरवर्डने धागा खरा पकडून गाठ चुकीची मारली आहे. युरोपीय संघाचा निर्देश 1999 चा. त्यानुसार 1 जानेवारी 2012 पासून साधा पिंजरा बेकायदा झाला आणि आजही आहे. पण सगळेच पिंजरे गेले नाहीत. दर कोंबडीला 750 चौरस सेंटिमीटर जागा, 15 सेंटिमीटर दांडी, अंडे घालायला आडोसा आणि उकरायला भुसा असेल तर मोठा पिंजरा चालतो. बिनपिंजऱ्याच्या शेडमध्ये एका चौरस मीटरला जास्तीत जास्त 9 कोंबड्या आणि दर सात कोंबड्यांमागे अंडे घालायला किमान एक खोके. म्हणजे तिथेही कोंबडी रानात हिंडते असे नव्हे. 'केज-फ्री'चा (बिनपिंजऱ्याचे) अर्थ एवढाच. सुमारे 14 लाख सह्यांच्या मोहिमेनंतर उरलेले पिंजरेही काढण्याचा प्रस्ताव 2023 पर्यंत आणू, असे युरोपीय आयोगाने 2021 मध्ये सांगितले आणि ती मुदत हुकली. पुढचे पाऊल रखडले, मागचे कोणी मागे घेतले नाही. अमेरिकेत पिंजऱ्यांविरुद्धचा कॅलिफोर्नियाचा कडक कायदा सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये टिकवला. नेवाडा राज्याने मात्र 2025 च्या अंडेटंचाईत आपला नियम काही महिने थांबवला, हेही खरे. त्या टंचाईचे मोठे कारण बर्ड फ्लू होते.

'एकमेकींना टोचून मारतात' ही ती बऱ्यापैकी खरी गोष्ट. मोकळ्या शेडचे व्यवस्थापन ढिले असेल तर पिसे उपटण्यापासून सुरुवात होते, रक्त दिसले की बाकीच्या तुटून पडतात आणि दोन दिवसांत ढीग लागतो. कारणेही ठरलेली: प्रखर उजेड, खाद्यात प्रथिने किंवा मीठ कमी, फीडरवर गर्दी, उकरायला काही नाही. उपायही माहीत आहेत. लांबट फीडरवर दर पक्ष्याला 10 सेंटिमीटर जागा, दर दहा पक्ष्यांना पाणी प्यायचे एक निपल (चोच लावली की थेंब देणारी तोटी), मंद उजेड, जखमी पक्षी लगेच वेगळा. दांडीची सवय तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) वाढवतानाच लावायची. पिंजऱ्यात वाढलेल्या तलंगा अठराव्या आठवड्यात आणून मोकळ्या शेडमध्ये सोडल्या की त्या दांडीवर चढत नाहीत, कोपऱ्यात एकमेकींवर रचून गुदमरतात.

कोकणपट्टीत याहून मोठी डोकेदुखी पावसाळा. निपल गळका असेल किंवा पडद्याच्या फटीतून झड येत असेल तर तूस ओले होऊन ढेप धरते, रक्ती हगवण येते आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात. तपासायचे तर गुडघ्यांवर बसून, कोंबडीच्या नाकाच्या उंचीवर वास घ्यायचा. उभे राहून कळत नाही. तूस रोज हलवायचे, ढेप बाहेर, नवे कोरडे तूस आत. हे करायची तयारी नसेल तर मोकळे शेड पिंजऱ्यापेक्षा वाईट, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच मापांबरोबर तपासणीही हवी.

स्वच्छतेबद्दल: उतरत्या जाळीवरून अंडे घरंगळून पुढे येते, त्यामुळे कवच स्वच्छ दिसते, हे मान्य. मोकळ्या शेडमध्ये जमिनीवर घातलेले अंडे माखते. त्यासाठी अंधारी खोकी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसातून अनेक फेऱ्या मारून जमिनीवरची अंडी उचलणे. एकदा जमिनीची सवय लागली की मोडत नाही. पण स्वच्छ कवच म्हणजे साल्मोनेला (पोट बिघडवणारा जिवाणू) नाही, असे नव्हे. युरोपात 2004-05 मध्ये केलेल्या पाहणीत पिंजऱ्यातल्या कळपांतच त्याचे प्रमाण जास्त आढळले. कळपांचा आकार हे त्याचे एक कारण असू शकते. शिवाय पिंजऱ्यांखाली साचलेली विष्ठा पावसाळ्यात माश्यांचे माहेरघर होते.

आणि वीस रुपये? खाद्य 30 रुपये किलो धरा. पिंजऱ्यातली कोंबडी दिवसाला 110 ग्रॅम खाऊन शंभर दिवसांत 85 अंडी देते. एका अंड्याला खाद्य सुमारे 3 रुपये 90 पैशांचे. मोकळी कोंबडी 120 ग्रॅम खाते आणि 82 देते असे समजा. 4 रुपये 40 पैसे. फरक पन्नास पैशांचा. मजुरी आणि जादा शेड धरून तो आणखी वाढेल, दुपटी-तिपटीला जाणार नाही. घोडबंदर रोडच्या मॉलमध्ये 'केज-फ्री' अंड्यांच्या सहाच्या डब्यावर दिसणारी किंमत छोटी बॅच, डबा आणि दुकानाचा नफा यांची जास्त असते.

तपकिरी कवच पाहून 'गावरान' म्हणून दुप्पट पैसे देऊ नका. रंग जातीवर ठरतो आणि तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्याही पिंजऱ्यात असतात. बलकाचा रंग खाद्यातल्या मक्यावर, झेंडूच्या अर्कावर. युरोपात कवचावरच आकडा छापतात: 0 सेंद्रिय, 1 बाहेर सोडलेली, 2 शेडमध्ये मोकळी, 3 पिंजरा. आपल्या विधी आयोगानेही पिंजऱ्यातली आणि बिनपिंजऱ्याची अंडी वेगळी ओळखू यावीत असे सुचवले होते. नाक्यावरच्या तीसच्या ट्रेवर असा आकडा नसतो, तेव्हा दुकानदाराला फार्मचे नाव विचारा आणि फार्मला एकच प्रश्न करा: एका चौरस मीटरला किती कोंबड्या?