फ्लूची तयारी आणि एक फिरता संदेश : मुद्द्यागणिक उत्तर

जून उजाडला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश नव्याने फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : फ्लू हा थंड देशांतला, हिवाळ्यातला आजार आहे आणि आपल्याकडे पावसाळ्यात होते ती साधी सर्दी, रुग्णालये मे महिन्यापासून लसीकरणाचा आग्रह धरतात आणि वेगळे कक्ष उभारतात, तो निव्वळ बाजार आहे, लस घेतली की उलट फ्लूच होतो, त्यापेक्षा कापूर-वेलचीची पुरचुंडी हुंगावी, ताप आलाच तर पहिल्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू करावे, आणि आठ दिवस रुग्णालयाकडे फिरकू नये, कारण गेलात की दाखल करून घेतातच. मी एका सार्वजनिक रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात काम करतो. हा संदेश पुढे पाठवणारे बहुतेक जण आपल्या माणसांच्या काळजीपोटीच तो पाठवतात, याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा हंगामाचा. भारतात हंगामी इन्फ्लुएन्झा, म्हणजेच फ्लू, वर्षातून दोनदा जोर धरतो : एकदा जानेवारी ते मार्च या काळात आणि दुसऱ्यांदा पावसाळ्यात व त्याच्या उतरणीला. श्रीनगरला मुख्य लाट हिवाळ्यात येते. पुण्या-मुंबईकडे मात्र जुलै ते सप्टेंबर हे महिने जोखमीचे असतात. त्यासाठी दूरचा पुरावा शोधायला नको. १९५२ साली स्थापन झालेली आणि आज देशभरातल्या विषाणूंवर लक्ष ठेवणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था पुण्यातच आहे, आणि एच१एन१, म्हणजे तेव्हा ज्याला सगळे स्वाइन फ्लू म्हणत, त्याचा देशातला पहिला मृत्यूही पुण्यातच, ३ ऑगस्ट २००९ रोजी, ऐन पावसाळ्यात झाला. त्यानंतरच्या दिवसांत शाळा आणि चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली, मास्क मिळेनासे झाले आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगांत साधी सर्दी असलेले लोक आणि प्रत्यक्ष फ्लूचे रुग्ण खांद्याला खांदा लावून तासन्‌तास उभे होते. शहरात इतरत्र तपासणी केंद्रे उघडल्यावर ती गर्दी विभागली गेली. तयारी आधी नसली तर काय होते, हे ज्यांनी तेव्हा पाहिले त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शिवाय जूनमध्ये शाळा सुरू होतात, पालख्या निघतात, पुढे दहीहंडी आणि गणेशोत्सव येतो. पावसामुळे दारे-खिडक्या लावलेल्या खोल्या, लोकल आणि एसटी यांत माणसे दाटीने बसतात. श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूला याहून सोयीचा काळ नाही.

दुसरा मुद्दा ‘बाजारा’चा. पावसाळ्याआधी रुग्णालयात नेमके काय चालते, हे बाहेर फारसे ठाऊक नसते, म्हणून ते सांगतो. केसपेपरच्या खिडकीपाशीच ताप-खोकल्याची रांग वेगळी काढली जाते आणि तिथे बसणाऱ्या कर्मचाऱ्याला आधी मास्क देऊन मग इतरांची व्यवस्था लावली जाते, कारण दिवसभरात सर्वांत जास्त माणसे त्याच्याच समोर येऊन खोकतात. विलगीकरण कक्षातल्या खाटांमधले अंतर पाहिले जाते, खिडक्या खरोखर उघडतात की रंगाने चिकटून बसल्या आहेत हे हाताने ढकलून पाहिले जाते. ऑक्सिजनचे प्रत्येक पॉइंट सुरू आहे का, फ्लूच्या विषाणूवर चालणाऱ्या ऑसेल्टामिव्हिर या औषधाच्या कॅप्सूल आणि लहान मुलांसाठीचे सिरप पुरेसे आहे का, त्यांची मुदत कधी संपते, याची नोंद होते. घशातला स्वॅब ज्या गुलाबी द्रावणाच्या नळीत टाकतात ती नळी तीन आवरणांत, बर्फाच्या पिशव्यांसह प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. ती वाटेत तापली तर अहवालावर विसंबता येत नाही, म्हणून त्या वाहतुकीची जबाबदारी एका ठरलेल्या माणसावर असते. परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, सर्वांना लस देण्याचा प्रयत्न असतो, कारण यांपैकी एक जण जरी ताप अंगावर काढत कामाला आला तरी तो विषाणू आधीच आजारी असलेल्या माणसाच्या उशाशी पोहोचतो. यात विकण्यासारखे काय आहे, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

लसीबद्दलचा मुद्दा दोन भागांचा आहे. लसीने फ्लू होतो, हा भाग चूक आहे. आपल्याकडे टोचली जाणारी फ्लूची लस निष्क्रिय केलेल्या विषाणूपासून बनते. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यापासून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, काहींना एखादा दिवस कसकस वाटते, इतकेच. मग लोकांना तसा अनुभव का येतो? कारण लसीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागतात आणि त्या मधल्या काळात माणूस बाहेरून संसर्ग घेऊ शकतो. शिवाय सर्दी करणारे इतर अनेक विषाणू असतात, त्यांच्यावर या लसीचा काहीच परिणाम होत नाही. दुसरा भाग, म्हणजे लस घेऊनही फ्लू होतो, हा मात्र खरा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. लस त्या वर्षीच्या विषाणूशी चांगली जुळली, तरी डॉक्टरकडे जावे लागेल इतक्या आजाराचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. विषाणू बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये अशी वर्षातून दोनदा लसीतल्या घटकांची शिफारस करते. मार्च २०२० नंतर फ्लूच्या विषाणूचा ‘बी यामागाता’ हा प्रकार जगात आढळेनासा झाला, तेव्हा तो लसीतून वगळण्याची शिफारसही याच संघटनेने केली. अर्धवट का होईना, पण हे संरक्षण कोणाला सर्वांत मोलाचे आहे? गर्भवती स्त्रिया, ६५ वर्षांपुढचे लोक, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेले रुग्ण आणि लहान मुले यांना. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला मिळते ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीचे संरक्षण. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गर्भवती आणि अन्य जोखमीच्या रुग्णांसाठी ही लस मोफत उपलब्ध करून दिली, ती याच विचाराने. लस एप्रिल-मेमध्ये घेतलेली उत्तम, म्हणजे पाऊस सुरू होईपर्यंत शरीर तयार असते.

कापूर-वेलचीच्या पुरचुंडीने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण ती केवळ गारव्याची जाणीव असते; विषाणूवर तिचा परिणाम होत नाही. मोठ्या माणसाने ती हुंगली तर माझी तक्रार नाही, मात्र लहान मुलाच्या गळ्यात ती कृपया बांधू नका. मूल हाताला लागेल ते तोंडात घालते, आणि कापूर पोटात गेला तर लहान मुलांना काही मिनिटांत झटके येऊ शकतात.

अँटिबायोटिकविषयी थोडक्यात सांगता येते. ती जिवाणूंवर चालतात, फ्लूच्या विषाणूवर नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराचे रुग्ण वाढले तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननेही सरसकट अँटिबायोटिक टाळण्याचे आवाहन केले होते आणि ताप साधारण ३ दिवसांत उतरतो, खोकला मात्र ३ आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, असे सांगितले होते. खोकला रेंगाळला म्हणून गोळ्या बदलत बसू नये. आणि मुलांना फ्लूच्या तापात अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नये. त्यातून यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

सर्वांत घातक आहे तो शेवटचा सल्ला, आठ दिवस थांबण्याचा. रुग्णालये सरसकट दाखल करून घेत नाहीत. आपल्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब आणि क असे स्पष्ट वर्ग केले आहेत. सौम्य ताप, खोकला, अंगदुखी असलेल्या ‘अ’ वर्गातल्या माणसाला ना चाचणी लागते, ना ऑसेल्टामिव्हिर. त्याने घरी विश्रांती घ्यावी, इतरांपासून दूर राहावे आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा प्रकृती पाहावी. ‘ब’ वर्गात तीव्र ताप असलेले आणि जोखमीच्या गटातले रुग्ण येतात. त्यांना घरीच ठेवून औषध देता येते, पण ते औषध लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा खरा उपयोग होतो. सातव्या महिन्यातली गर्भवती किंवा इन्सुलिनवर असलेले आजोबा हा संदेश वाचून आठ दिवस थांबले, तर ती वेळ केव्हाच निघून गेलेली असते. धाप लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, थुंकीतून रक्त पडणे, नखे निळसर होणे, मुलाने खाणे-पिणे सोडणे, यांपैकी एकही लक्षण दिसले की रुग्ण ‘क’ वर्गात जातो आणि त्याला त्याच तासाला रुग्णालयात आणायचे असते. उशिरा आलेला रुग्ण आमच्याकडे येतो तो बहुधा थेट ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर जाण्यासाठी, आणि त्याच्याबरोबर आलेले नातेवाईक सांगतात की आम्ही वाट पाहत होतो.

सौम्य आजाराच्या लोकांनी घरी राहावे, ही संदेशातली एक गोष्ट मात्र रास्त आहे, आणि ती शक्य करणे रुग्णालयाच्या हाती नाही. तापाच्या रांगेत उभ्या असलेल्या अनेकांना औषध नको असते, रजेसाठी किंवा शाळेसाठी प्रमाणपत्र हवे असते. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना संसर्ग देऊ शकतो. अशा माणसाला एका कागदासाठी बाहेर काढणे कोणाच्याच हिताचे नाही. शाळांनी पालकांची चिठ्ठी आणि कार्यालयांनी कर्मचाऱ्याचा फोन पहिल्या तीन दिवसांसाठी पुरेसा मानावा, तापाचे औषध न घेता ताप उतरून २४ तास झाल्याशिवाय कोणाला परत बोलावू नये, आणि गणेश मंडळांनी खोकणाऱ्या कार्यकर्त्याला मंडपात न बसवता घरी पाठवावे. एवढे झाले तर जुलै-ऑगस्टमध्ये आमची तापाची रांग बरीच आखूड होईल आणि तिच्यात उभ्या असलेल्या धाप लागलेल्या माणसाकडे आम्हांला लवकर पोहोचता येईल.