अर्थ मुलांनी सांगायचे, ओळखायचे मोठ्यांनी

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर १९८२ पासून जेमतेम वर्षभर चाललेल्या ‘चाइल्ड्स प्ले’ या शब्दखेळाचे जुने भाग सध्या मी रात्रीच्या जेवणानंतर पाहत असतो. लहान मुलांना एकेक शब्द देऊन त्याचा अर्थ त्यांच्याच भाषेत सांगायला लावायचा, ते आधी चित्रित करून ठेवायचे आणि स्टुडिओतील प्रौढ स्पर्धकांनी त्यावरून मूळ शब्द ओळखायचा, एवढाच हा खेळ. सूत्रसंचालक बिल कलन मुलांच्या उत्तरांवर हसतात. मुलांना हसत नाहीत.

आपल्या शाळांत हे नेमके उलटे चालते. धड्याखाली ‘विपुल म्हणजे प्रचुर’ असे छापलेले असते आणि ते घोकणारा मुलगा पूर्ण गुण मिळवूनही दोन्ही शब्दांपासून सारखाच दूर राहतो. परवा माझ्या सहा वर्षांच्या नातीला मी ‘उंबरठा म्हणजे काय’ असे विचारले, तेव्हा हातातला लाडू खाली न ठेवता ती म्हणाली, ‘‘जिथे बसलं की आजी उठवते ते.’’ चौकटीचे खालचे आडवे लाकूड हा रूढ अर्थ चुकीचा नाही. पण आमचा उंबरठा संगमरवरी असल्याने त्या व्याख्येनुसार तो उंबरठाच ठरत नाही, नातीच्या व्याख्येत मात्र चोख बसतो.

सुरुवातीच्या काळात या खेळाच्या अखेरच्या फेरीत डाव फिरायचा. स्पर्धकाने ४५ सेकंदांत शब्द समजावून सांगायचे आणि ओळखायचे समोर बसलेल्या मुलांनी. इथे भल्याभल्यांची भंबेरी उडते, कारण मोठ्यांना एका शब्दाचा अर्थ दुसऱ्या शब्दानेच सांगण्याची खोड असते. (नातीने लगेच मला ‘कंटाळा’ समजावून सांगायला लावले. मी ‘आळस’ म्हणालो आणि हरलो.)

पुढे ब्रिटनमध्ये आयटीव्हीवर १९८४ ते १९८८ या काळात मायकेल अॅस्पेल यांनी हा खेळ चालवला. स्पेनमध्ये तर त्यातील ‘गायिफान्ते’, म्हणजे कोंबडा आणि हत्ती यांच्या संकरातून कल्पिलेला प्राणी, घरोघरी माहीत झाला.

आपल्याकडे छोट्या पडद्यावर मुले येतात ती बहुधा गाण्यासाठी किंवा नाचण्यासाठी, तीही मोठ्यांची गाणी आणि मोठ्यांचे हावभाव घेऊन. त्याऐवजी उष्टे, कट्टी, माहेर, उधारी असे शब्द त्यांच्यापुढे ठेवावेत. खर्च फारसा येणार नाही. फक्त चित्रीकरणाच्या वेळी आईवडिलांना खोलीबाहेर बसवावे लागेल.