सूत्रे हाती देताना घ्यायची काळजी

साहेब, निवृत्तीबद्दल कोणी विचारलेच तर चिडू नका. उलट पुढच्याच सभेत स्वतः जाहीर करा की आता तरुणांनी पुढे आले पाहिजे. टाळ्या पडतील. पुढे म्हणजे नक्की कुठे, ते सांगायची तुमच्यावर सक्ती नाही.

मग युवा आघाडी काढा. तिचा अध्यक्ष पन्नाशीच्या आतला मिळाला तर उत्तमच. त्यातल्या एखाद्या पोराला अधूनमधून भाषणही करू द्या: दोन मिनिटे, तुम्ही यायच्या आधी, लोक बसायला जागा शोधत असताना आणि माइकवाला अजून ‘हॅलो, हॅलो’ करत असताना. त्यातले दीड मिनिट त्याने तुमचे आभार मानण्यात घालवले, तर पोरगा तयार होतोय म्हणायचे.

एखादा कायदाही करून टाका. नायजेरियाने २०१८ साली अध्यक्षपदासाठीचे किमान वय ४० वरून ३५ वर आणले. त्यावर सही करणारे अध्यक्ष बुहारी पुढच्याच वर्षी, वयाच्या ७६व्या वर्षी, पुन्हा निवडून आले. २०२२ मध्ये त्यांच्या पक्षाने अध्यक्षपदाच्या इच्छुकांना उमेदवारीचे अर्ज विकले, १० कोटी नायरांना एक. दार सताड उघडे ठेवावे साहेब, तिकीट तेवढे महाग असावे.

वयाची वरची मर्यादा मात्र सरळसरळ कट समजा. युगांडाचे मुसेवेनी १९८६ मध्ये सत्तेवर आले, तेव्हा खुर्चीला चिकटून बसणारे नेते हेच आफ्रिकेचे दुखणे, असे त्यांचे निदान होते. २०१७ मध्ये राज्यघटनेतली ७५ वर्षांची अट काढली गेली आणि ते अजून तिथेच आहेत. दुखणे बहुधा बरे झाले असावे. कॅमेरूनचे पॉल बिया तर १९८२ पासून आहेत. २०२५ मध्ये, ९२व्या वर्षी, आणखी सात वर्षांसाठी निवडून आले. याला म्हणतात दूरदृष्टी!

तब्येतीचीही काळजी नको. अल्जीरियाच्या बूतफ्लिकांना २०१३ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते निवडणूक जिंकले, आणि समारंभांत त्यांच्या जागी त्यांची तसबीर मांडली जाऊ लागली. तसबीर कधी उलट बोलत नाही, सहकाऱ्यांचीही सोय होते. २०१९ मध्ये ते पाचव्यांदा उभे राहणार म्हटल्यावर मात्र लोक रस्त्यावर उतरले आणि त्यांना पायउतार व्हावे लागले. म्हणजे चारपर्यंत चालते.

आणि खरोखरच सूत्रे द्यायची वेळ आली तर? शोधाशोध कशाला, तरुण घरातच असतो. सीरियाचे अध्यक्ष हाफेज अल-असद जून २००० मध्ये वारले. त्याच दिवशी तिथल्या संसदेने अध्यक्षाचे किमान वय ४० वरून ३४ केले. चिरंजीव बशर तेव्हा नेमके ३४ चे होते, हा निव्वळ योगायोग. कंबोडियाचे हुन सेन त्याहून पोचलेले. ३८ वर्षे पंतप्रधानपद भोगून २०२३ मध्ये त्यांनी मुलाला तिथे बसवले, पक्ष स्वतःच्या मुठीत ठेवला आणि पुढच्या वर्षी सिनेटचे अध्यक्ष झाले. अशा वेळी घराणेशाही म्हणून कोणी नाक मुरडलेच, तर शांतपणे विचारा: तुम्हाला तरुण हवा होता ना?

फक्त मंडेलांचे नाव निघाले की विषय बदला. २७ वर्षे तुरुंगात काढलेला माणूस, एकच कारकीर्द करून १९९९ मध्ये चक्क आपणहून घरी गेला. बाकीच्यांची पंचाईत होईल, याचा जरासुद्धा विचार केला नाही.