सुरी १९ वर्षं का टिकली?

तुमचा लेख आवडला. पण प्राचीन चिनी ताओवादी विचारवंत च्वांग-त्सूची, राजासमोर बैल कापणाऱ्या डिंग आचाऱ्याची गोष्ट तुम्ही त्यात 'सरावाने हात बसतो' एवढ्यावर आटोपलीत, ते पटलं नाही. डिंग राजा वेनहुईला सांगतो: साधा आचारी महिन्याला सुरी बदलतो, चांगला वर्षाला. माझी १९ वर्षं चाललीये, हजारो बैल कापून झाले, तरी धार नुकती सहाणेवरून उतरल्यासारखी. का? तर सांध्यांत फट असते आणि पात्याला जाडी नसते. मग आत फिरायला जागाच जागा! म्हणजे काम ती फट करते. ताओवादाचा मूळ ग्रंथ 'ताओ ते चिंग', त्याच्या अकराव्या प्रकरणातलं चाक आठवा: आरे ३०, पण उपयोग तुंब्यातल्या पोकळीचा. रूपक तेच, इथे फक्त रक्तामांसाचं.

आणि सराईत डिंगसुद्धा अवघड गाठ आली की थबकतो. नजर रोखतो, हात संथ करतो, पातं जरासंच हलवतो, आणि मांस ढेकळासारखं गळून पडतं. हा तपशील लेखात हवाच होता.

गंमत म्हणजे हे सगळं ऐकून राजा म्हणतो, जीवन कसं जोपासावं ते मला कळलं. कत्तल बघून! (बैलाचं मत कुणी विचारलं नाही, ते सोडा.)