म्हणे, जिद्द असेल तर गाइड कशाला?

रिओच्या धावपटूंचा तो जुना मेसेज पुन्हा फिरतोय. ‘चार अंध धावपटूंनी ऑलिंपिक विजेत्याला मागे टाकलं. देव एक इंद्रिय काढून घेतो, तेव्हा बाकीची दुप्पट तीक्ष्ण करतो. गाइड फक्त नावाला असतो, खरी जिद्द असलेल्याला कुणाच्या हाताची गरज नाही.’ आजवर मी दुर्लक्ष करत आलो. या वेळी मात्र एका नातेवाइकांनी तो माझ्या भाचीला वाचून दाखवला. तिला अजिबात दिसत नाही, ती गाइडबरोबर, म्हणजे सोबत धावणाऱ्या डोळस धावपटूबरोबर धावते. वर सल्लाही दिला, ‘आता एकटीने धावायला शीक.’

आकडे खरे आहेत, हे नाइलाजाने मान्य. सप्टेंबर २०१६मध्ये रिओ पॅरालिंपिकच्या टी-१३ गटात अल्जेरियाचा अब्देलातिफ बाका १५०० मीटर ३ मिनिटं ४८.२९ सेकंदांत धावला. त्याच्या मागचे तिघेही ३:५०च्या आत आले. त्याच्या तीन आठवडे आधी याच अंतराचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकणाऱ्या मॅथ्यू सेंट्रोवित्झची वेळ होती ३:५०.००. पण ऑलिंपिकची ती फायनल निव्वळ डावपेचांची होती. सगळे एकमेकांचा अंदाज घेत रेंगाळले आणि शेवटी सुसाट सुटले. १९३२नंतर हे सुवर्ण इतक्या संथ वेळेत कुणी जिंकलं नव्हतं. लंडनला २०१२मध्ये विजेत्याची वेळ ३:३४.०८ होती. बाकाने आपल्या गटाचा विश्वविक्रम केला होता, तेवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

आणि मेसेजमधली खरी लबाडी पुढेच आहे. टी-१३ हा दृष्टिबाधितांमधला सर्वांत जास्त दिसणाऱ्यांचा गट. त्यांना गाइड घेण्याची परवानगीच नसते. म्हणजे ज्यांना नियमानेच गाइड मिळत नाही त्यांचं उदाहरण देऊन, जिला समोरची लेनही दिसत नाही अशा मुलीला गाइड सोडायला सांगायचं!

टी-११ या जवळपास काहीच न दिसणाऱ्यांच्या गटात गाइड सक्तीचा असतो. डोळ्यांवर पट्टीही सगळ्यांना सक्तीची, म्हणजे कुणाला उजेडाची चाहूल लागत असली तरी त्याचा फायदा नको. टोकियोत ग्रीसचा अथानासिओस घावेलास १०० मीटर १०.८२ सेकंदांत धावला, तेव्हा त्याच्या शेजारी, दोघांना जोडणाऱ्या दोरीचं दुसरं टोक धरून, त्याचा गाइडही त्याच वेगाने पाऊल जुळवून धावत होता. ‘नावाला’ असलेल्या कुणी हे करून दाखवावं. गाइडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि अंतिम रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही. पॅरिसला २०२४मध्ये स्पेनची एलेना काँगोस्त टी-१२ (टी-११ आणि टी-१३च्या मधला गट) मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषा दोनेक मीटरवर असताना तिच्या गाइडला पेटके आले. त्याला सावरायला तिने क्षणभर दोरी सोडली आणि तिला बाद ठरवलं गेलं. मला तो निर्णय निर्दयी वाटतो. पण दोरी किती महत्त्वाची मानतात, हे त्यावरून कळावं.

इंद्रियं दुप्पट होण्याबद्दल फार लिहीत नाही. लहानपणापासून न दिसणाऱ्या काहींना आवाजाची दिशा अधिक चांगली कळते, इतकंच खरं. ते सरावाने येतं आणि सगळ्यांना सारखं येत नाही. वळणावर ट्रॅक कुठे वाकतो, हे कानांना ऐकू येत नाही.

मेसेजखाली कुणीतरी उलट्या दिशेची भर घातली आहे: ‘फायनलला चारच जण असतात, मेडल मिळणारच.’ अहो, टी-११ आणि टी-१२च्या स्प्रिंटमध्ये प्रत्येक खेळाडूला गाइडसाठी धरून दोन लेन मिळतात. आठ लेनमध्ये चारच जोड्या मावतात. बाकीच्या त्याआधीच्या फेऱ्यांत हरून घरी गेलेल्या असतात.