चार बाटल्यांत एकदा

सासू-सासरे, नवरा, दोन मुलं आणि मी अशी अख्खी वरात बजेटमध्ये युरोपला न्यायची तर अर्थखातं एकाच माणसाकडे लागतं, आणि ते आमच्याकडे सासऱ्यांनी कोणी न देताच घेतलं होतं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आणि मुलांना ४५ हे ऐकूनच बाबा म्हणाले, "म्हणजे दाराची कडी वाजवायचे एवढे?" इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो म्हटल्यावर आई खूश, "अगं मग तिथे जाऊन निवांत आजारी पडता येईल की." तुपाचा डबा मात्र मी बॅगेतून काढायला लावला, तिकडे बाहेरून दुधातुपाचं काही नेऊ देत नाहीत, आणि त्यावरून विमान उतरेपर्यंत माझ्याशी कोणी धड बोललं नाही.

म्युनिकमधलं घर स्वस्त होतं कारण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, त्यातून तिकडे तळमजला मोजतच नाहीत. असो, गुडघे आईंचे होते, बुकिंग त्यांच्या मुलाचं होतं, मी मधे पडले नाही.

खरा छळ टॉयलेटचा. स्टेशनवर आत जायचे १ युरो. बाबा प्रत्येक युरोला शंभरने गुणतात, त्यामुळे आईंनी नुसतं इकडेतिकडे बघायला लागलं तरी त्यांचा चेहरा पडायचा. "आत्ताच घरून निघालो ना?" हे वाक्य ते आईंना, नातवंडांना आणि एकदा चुकून शेजारच्या जर्मन बाईलाही म्हणाले. आईंनी मग पाणीच पिणं सोडलं आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसल्या, म्हणजे वाचवलेला युरो क्रोसिनमध्ये गेला.

अशात बाबांना फांडचा शोध लागला. जर्मनीत प्लॅस्टिकची बाटली घेताना २५ सेंट डिपॉझिट घेतात, रिकामी बाटली सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी येते आणि काउंटरवर पैसे परत मिळतात. बाबांनी जागच्या जागी हिशोब केला, चार बाटल्या म्हणजे एक टॉयलेट. त्या दिवसापासून आमची ट्रिप म्हणजे कचराकुंड्यांचं निरीक्षण. तिकडे लोक रिकाम्या बाटल्या कुंडीत न टाकता बाजूला उभ्या करून ठेवतात, गोळा करणाऱ्याला हात घालायला लागू नये म्हणून. नवरा म्हणाला, "बाबा, ते गरजू लोकांसाठी असतं." बाबा म्हणाले, "मग तुझ्या आईला विचार गरज आहे का."

मशीनसमोर बाबांना बघायला हवं होतं. बाटली चेपलेली असली की मशीन बारकोड वाचत नाही आणि थुंकल्यासारखी परत देतं. बाबा त्या बाटलीत तोंडाने फुंकर मारून तिला फुगवायचे, लेबल मांडीवर घासून सरळ करायचे आणि परत आत सरकवायचे, मागे लाइन लागलेली, मुलगी माझ्या ओढणीत तोंड लपवून. एकदा तर मशीनने शेवटी घेतली तेव्हा मागच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

मग नॉयश्वानस्टाइनचा किल्ला. बायर्न तिकिटावर, म्हणजे म्युनिकच्या त्या राज्यात दिवसभर चालणाऱ्या रेल्वेच्या तिकिटावर, पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं आणि आपली मुलं फुकट, फक्त साध्या गाड्या आणि वर्किंग डेला सकाळी नऊच्या पुढे, म्हणून बाबांनी सगळ्यांना पावणेनऊपासूनच प्लॅटफॉर्मवर उभं केलं. खाली पोचलो तर किल्ल्यापर्यंत चांगलाच चढ. घोडागाडी आहे पण तिला वेगळे पैसे, बाबा म्हणाले चालणं प्रकृतीला चांगलं. अर्ध्या वाटेत टप टप टप करत मागून गाडी आली आणि तिच्यात आमच्या आई, साडीवर जॅकेट, आम्हाला हात करत! रुमालाच्या गाठीत कधीचे युरो होते कोण जाणे. गाडी अगदी दारात सोडत नाही हे त्यांना वर गेल्यावर कळलं, पण तोवर त्यांचा तोरा दाखवून झाला होता.

आत गाइडने सांगितलं की राजा लुडविग दुसरा याने १८६९ मध्ये हे काम काढलं, कर्जात बुडाला आणि १८८६ मध्ये तो गेल्यावर काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना आत सोडायला लागले. बाबा मला म्हणाले, "बघ, बजेट न करता घर काढलं. म्हणजे ह्याचं कर्ज अजून आपणच फेडतोय."

"फेडा फेडा," आई म्हणाल्या, "आणि उतरताना मला गाडीत बसवा."

उतरायचं भाडं चढण्यापेक्षा कमी होतं, म्हणून मंजूर झालं.