मेंढ्या राखणाऱ्या आमदारबाई आणि अमेरिकेची टांकसाळ

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने चलनासाठी एक सेंटचं नाणं, म्हणजे पेनी, पाडणं बंद केलं. एका सेंटच्या नाण्याला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. तेव्हापासून नाणी जमवणाऱ्या आम्हा मंडळींत हळहळ चालू आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी याच पेनीसाठी जिवाचं रान करणाऱ्या बाईंचं नाव कुणी काढत नाही. मेरी ब्रुक्स. आधी आयडाहो राज्याच्या सिनेटवर, म्हणजे आपल्या हिशेबाने आमदार, आणि १९६९ ते १९७७ अमेरिकेच्या टांकसाळीच्या संचालक.

राजकीय नेमणूक म्हटली की माझं तोंड वाकडं होतं. त्यात या बाईंचं सगळंच वशिल्याच्या संशयाला पोषक. वडील वॉशिंग्टनच्या संसदेत आयडाहोचे सिनेटर, दुसरे पती तिथेच इलिनॉयचे सिनेटर, स्वतः रिपब्लिकन पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्या, नेमणूक करणारे राष्ट्राध्यक्ष निक्सन. नाणी पाडण्याचा अनुभव शून्य. मात्र दुसरे पती गेल्यावर वॉशिंग्टनच्या पार्ट्यांत न रमता त्या आयडाहोला परतल्या, घरचा मेंढ्यांचा व्यवसाय सांभाळला आणि तिथून राज्याच्या सभागृहात गेल्या. मला यातला मेंढ्यांचा भाग महत्त्वाचा वाटतो. लोकर आणि मटणाच्या भावावर ज्याचं घर चालतं, त्याला तांब्याचा भाव वाढला म्हणजे काय होणार हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि तांबं खरंच भडकलं. तेव्हाच्या पेनीत ९५ टक्के तांबं. भाव आणखी थोडा चढला असता तर नाणं वितळवणं फायद्याचं ठरलं असतं, त्यामुळे लोक पेन्या बरण्यांत साठवायला लागले. टांकसाळीने उपाय काढला अ‍ॅल्युमिनियमचा. १९७३ मध्येच, पण १९७४ साल घातलेली, पंधरा लाखांवर नाणी पाडून झाली. खासदारांची मनं वळवायला ब्रुक्सबाईंनी त्यांतली काही नमुना म्हणून थेट त्यांना वाटली.

इथे बाईंमधली आमदार नडली. तांबेवाल्यांनी विरोध केला, नाणं टाकून वस्तू देणाऱ्या यंत्रांच्या कंपन्यांनी केला, आणि बालरोग क्षेत्रातले क्ष-किरण तज्ज्ञही उभे राहिले: मुलाने हे नाणं गिळलं तर एक्स-रेत नीट दिसणार नाही! (आपल्याकडे त्याच काळात अ‍ॅल्युमिनियमचे पाच आणि दहा पैसे पोराटोरांच्या हातात बिनधास्त फिरत होते.) प्रस्ताव बारगळला, नाणी वितळवायचं ठरलं, नमुने परत मागितले गेले. डझनभर आलेच नाहीत. पुढाऱ्यांना वाटलेली वस्तू परत मिळेल, हा भाबडेपणा एका पुढारीबाईने करावा याचं मला अजून नवल वाटतं.

पण नंतर बाईंनी जे केलं ते कुठल्याही धातुशास्त्रज्ञाला सुचलं नसतं. घराघरांत पडून असलेल्या पेन्या बाहेर काढा, असं लोकांना आवाहन. पंचवीस डॉलरच्या, म्हणजे अडीच हजार पेन्या बँकेत आणून देणाऱ्याला अर्थखात्याचं प्रशस्तिपत्र! खर्च कागदाचा, आणि नाणी पुन्हा बाजारात. हे निवडणूक लढवलेल्या माणसाचं डोकं.

अमेरिकी सरकारचं सोनं जिथे ठेवलेलं असतं त्या फोर्ट नॉक्सचंही तसंच. तिथलं सोनं गायब आहे अशी आवई उठली होती. २३ सप्टेंबर १९७४ रोजी काही खासदार आणि पत्रकारांचा ताफा आत नेऊन तिजोरीचा एक कप्पा उघडून दाखवला गेला, आणि सोबत होत्या ब्रुक्सबाई. संशयखोरांचं समाधान अर्थातच झालं नाही. २०२५ मध्ये पुन्हा तीच चर्चा होतीच की.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र मी सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या टांकसाळीचं मानतो. १८७४ ची दगडी इमारत, १९०६ च्या भूकंपातून आणि आगीतून वाचलेली, पण साठच्या दशकाअखेरीस सरकारला नकोशी झालेली. बाई मागे लागल्या, इमारत अर्थखात्याकडे परत आली, डागडुजी झाली आणि १९७३ मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. फायली कुणाच्या टेबलावर अडतात आणि तिथून कशा हलवायच्या, हे ज्ञान सभागृहात बसल्याशिवाय येत नाही.

स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षासाठी नाण्यांची चित्रं बदलायला टांकसाळीचा आणि त्यांचा आधी विरोध होता. नंतर त्यांनी बाजू बदलली आणि १७७६-१९७६ अशी दुहेरी सालं असलेली नाणी निघाली. ढोल वाजवणाऱ्याचा तो पाव डॉलर आजही अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या चिल्लरीत सापडतो, मागून बघा.

यावरून राजकारणी नेमावेत असा नियम कुणी काढू नये. त्यांच्यानंतर आलेल्या स्टेला हॅकेल याही राजकारणातल्याच, व्हरमाँटच्या माजी राज्य कोषाध्यक्ष. त्यांच्या काळात १९७९ मध्ये निघालेला, स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी यांचं चित्र असलेला डॉलर आकाराने पाव डॉलरच्या इतका जवळ होता की लोकांनी तो घ्यायलाच नकार दिला, आणि कोट्यवधी नाणी तिजोऱ्यांत पडून राहिली.